दांडगी चिठ्ठी, लाजरी चिठ्ठी

"जरा उजेडाकडं फिरा."

एवढं म्हणून काका समोरच्याची हनुवटी चिमटीत धरायचे, ती खिडकीकडं वळवायचे, चष्मा नाकावर नीट बसवायचे, डावा डोळा बारीक करायचे आणि एकेक अवयव नीट बघून घ्यायचे. "कान बापाचे, ओके. नाक आईचं, ओके. कपाळ... कपाळ आजोबाचं असंल, चालतंय." मग पाठीवर एक थाप. माणूस पास. नवीन लागलेल्या पोरांना वाटायचं की हा कंपनीच्या मेडिकलचाच भाग आहे. एकानं तर घाबरून न सांगता जीभ बाहेर काढून दाखवली होती.

चाकणला ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं क्वालिटीला. काका तीस वर्षं हातानं पीस तपासत आले होते, आणि मी त्यांच्या तपासणीचे कागद करायचे. माझं शिक्षण म्हणाल तर प्राणिशास्त्रात बी.एस्सी. बेडूक फाडायला शिकले आणि पोट भरलं नटबोल्टांवर. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण काकांना माझ्या त्या डिग्रीचं भलतंच कौतुक होतं. कंपनीत इंजिनियर पैशाला पासरी, पण "जिवंत पीसचं शिक्षण" घेतलेली मी एकटीच, असं ते सगळ्यांना सांगायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो धंद्यातली नजर घरी जाताना काढून ठेवत नाही. शिंपी लग्नात जेवायला बसला तरी शेजाऱ्याची शिवण बघतो. काकांचं तसंच. पट्ट्यावरून पीस यायचे, ते पीस बघायचे. सुट्टी झाली की माणसं यायची, ते माणसं बघायचे. दोन्हीकडं प्रश्न एकच, की ह्याचा साचा, म्हणजे आमच्या भाषेत डाय, कोणता.

आणि नजर होती हो! थट्टा करते म्हणून खोटं नाही सांगणार. एकदा कँटीनमध्ये वडे वाढणारा आणि गेटवरचा सिक्युरिटी या दोघांचे अंगठे शेजारी शेजारी धरून काका म्हणाले, "तुमी एका घरचे." दोघंही बिथरले. चौकशी केली तर खरोखरच चुलत-चुलत भाऊ निघाले. बांधाच्या भांडणावरून दोन पिढ्यांपूर्वी बोलणं तुटलेलं, आपण एका घरचे हे दोघांनाही माहीत नाही. त्या दिवसापासून सिक्युरिटीच्या ताटात एक वडा जास्त पडायला लागला आणि आम्हाला एक कमी. हा काकांच्या विद्येचा कंपनीला झालेला एकमेव तोटा.

काका मोशीचे, जुन्या गावठाणातले. त्यांच्या गावात त्यांच्याशिवाय बारसं व्हायचं नाही. आपल्याकडं बाळ जन्माला आलं की आधी त्याची वाटणी होते, हे तुम्ही पाहिलंच असेल. नाक आमचं, रंग तुमचा, रडणं मात्र नक्की त्यांच्याकडचं. या वाटणीत काका पंच. पाळणा हलला, आत्यानं कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे पडले, की सगळ्या बायका गप्प व्हायच्या आणि काका बाळाला उजेडाकडं फिरवायचे. एका बारशात दोन आज्या नाकावरून इतक्या भांडल्या की पेढे तसेच राहिले. काकांनी निकाल दिला, "नाकाचं हाड ह्यांचं, नाकपुड्या तुमच्या." दोघीही खूश. सरकारला जमिनीच्या मोजणीत हे अजून जमलेलं नाही.

आता माझी चूक सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही एकाच कंपनीच्या बसनं घरी यायचो. ते मोशीच्या चौकात उतरायचे, मी पुढं निगडीला. एके दिवशी त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्ये बापाचं, त्ये आईचं, ह्ये ठरवतंय कोण? शास्त्र काय म्हनतंय?" मला कोण आनंद झाला! इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदाच माझी डिग्री वापरायला मागितली होती.

मी सांगायला लागले. प्रत्येक गोष्टीच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. काही चिठ्ठ्या दांडग्या, काही लाजऱ्या. काळ्या डोळ्यांची चिठ्ठी दांडगी, घाऱ्या डोळ्यांची लाजरी. दोन्ही एकत्र आल्या की दांडगी बोलते, लाजरी तोंड उघडत नाही.

"म्हंजी दांडगी जिकली," काका म्हणाले.

"हो, पण त्यात एक..."

तेवढ्यात मोशीचा चौक आला. काकांनी डबा उचलला, "झ्याक सांगितलंत!" म्हणाले आणि उतरून गेले. दुसऱ्या दिवशी ऑडिट आलं, तिसऱ्या दिवशी मी रजेवर होते, आणि माझं वाक्य तिथंच राहिलं. काकांनी अर्धा नियम घरी नेला आणि पूर्ण म्हणून वापरायला काढला.

त्यानंतर काही महिन्यांनी काकांना नात झाली.

सून दापोडीची. रेल्वे लाइनीच्या कडेला त्यांचं घर. वडील लातूरकडून कामाला आलेले आणि इथलेच झालेले. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी होती. बारसं पूर्वी बाराव्या दिवशी व्हायचं, आता हॉल मिळेल तेव्हा होतं. यांना हॉल तिसऱ्या महिन्यात मिळाला. मला आमंत्रण होतं. काका नवीन पांढऱ्या शर्टात, बाहीला तेलाचे डाग नाहीत म्हणून ओळखूच येईनात.

नाव ठेवून झालं. मोशीची भावकी एका बाजूला, दापोडीची मंडळी दुसऱ्या बाजूला. काकांनी नातीला दोन्ही हातांवर घेतलं, खिडकीकडं फिरवलं.

"कान आमचे, ओके. हनुवटी सूनबाईंची, ओके. बोटं माझ्या पोराची, एक नंबर." लोक हसत होते. पोरगी झोपेतून जागी झाली आणि तिनं डोळे उघडले.

घारे. मधाच्या रंगाचे, स्वच्छ घारे.

काका थांबले. त्यांनी मुलाकडं पाहिलं, काळे डोळे. सुनेकडं पाहिलं, काळे डोळे. आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "ह्यो पीस आपल्या डायचा न्हाई."

अहो, काय सांगू! तीनशे माणसांचा हॉल, त्यात पंखा तेवढा बोलत होता. काकांना ते लागलीच कळलं. तोंड उघडं, हात तसेच पुढं. त्यांना कुणावर आळ घ्यायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगीन. पण भावकीतल्या एका आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीकडं बघितलं, आणि तेवढ्यानं व्हायचं ते झालं.

सून उठली. कालपर्यंत बाळंतीण म्हणून गोधडीत असलेली पोर, पण चालत आली ती सरळ. तिनं सासऱ्याच्या हातातून मुलगी घेतली.

"आबा, माझी लेक कुठल्या साच्यातली ते आता तुम्हीच शोधा," ती म्हणाली. "आणि सापडलं की इथंच येऊन, याच माणसांसमोर सांगा. तोपर्यंत मी मोशीची पायरी चढणार नाही."

मुलगाही बायकोबरोबर दापोडीतच राहिला. मारुंजीला त्याची नोकरी. तिथून तो रोज सासुरवाडीला जायला लागला. मोशीचं भरू घातलेलं घर एका दिवसात दोन माणसांचं झालं.

सोमवारी काका बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुमीच सांगितलं व्हतं, दांडगी जिकती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, पुढचं ऐकायच्या आधी तुम्ही उतरलात!"

"मग आता सांगा. आज मी निगडीपोतर येतो."

कंपनीत चांगल्या लॉटला हिरवा टॅग लावतात, खराबाला लाल. मी पर्समधून दोन हिरवे, दोन लाल टॅग काढले आणि त्यांच्या डब्याच्या झाकणावर मांडले. हिरवा म्हणजे काळे डोळे, लाल म्हणजे घारे. हा बाप, एक हिरवा एक लाल. ही आई, एक हिरवा एक लाल. दोघांत हिरवा दांडगा, म्हणून दोघंही वरून हिरवे. पण लाल मेलेला नसतो हो, आत बसलेला असतो. मुलाला दोघांकडून एकेक टॅग मिळतो, डोळे झाकून काढल्यासारखा. हिरवा-हिरवा, हिरवा-लाल, लाल-हिरवा, आणि चारात एकदा लाल-लाल.

काकांनी टॅग स्वतःच्या हातात घेतले. मोशी गेली, स्पाइन रोड गेला, ते टॅग पिसत होते. शेवटी लाल-लाल आला तेव्हा बसमध्ये ओरडले, "आली रं आली, नात आली!" ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

मग ते एकदम गंभीर झाले. "म्हंजी लाल दोनीकडून पायजेल."

"हो."

"त्यांच्याकडं हाय. विहिणबाई म्हनत व्हत्या, सुनेची आजी घारी व्हती. आमच्याकडं बी पायजेल."

"हो."

"आन् आमच्याकडं न्हाई सापडला तर?"

समजुतीला म्हणून तोंड उघडलं होतं आणि खड्डा आणखी हातभर खोल केला होता. घाईघाईनं म्हटलं, "काका, डोळ्यांचं इतकं सरळ नसतं. तिथं पुष्कळ चिठ्ठ्या मिळून कारभार करतात. मी आपलं ढोबळ सांगितलं."

"म्याडम," ते हात जोडून म्हणाले, "आता फाटे फोडू नका. मी आमचा लाल टॅग हुडकतो."

आणि हुडकायला निघाले. आधी घरातले जुने फोटो काढले. पणजोबा, चुलत पणजोबा, सगळे फेट्यात, सगळे रागावलेले. पण फोटो सगळे काळे-पांढरे! "डोळ्यांचा रंगच न्हाई ओ," काका बसमध्ये कळवळून सांगत होते. "फोटोवाल्याला काय जात व्हतं?"

मग जिवंत माणसांकडं मोर्चा वळला. रविवारी सकाळी कंपनीची तपासणीची बॅटरी घेऊन ते मारुतीच्या देवळापाशी गेले. पारावर भावकीतले म्हातारे बसलेले. काकांनी पहिल्याची हनुवटी धरली, बॅटरी मारली. दुसऱ्याची धरली. तिसऱ्यापर्यंत गावात बातमी गेली की देवळात डोळ्यांचं फुकट शिबिर आलंय. तासाभरात पन्नास माणसं रांगेत. बायका, पोरं, शेजारच्या चाळीतले भाडेकरू, एक बिहारी सुतार. कुणी पाणी आणलं, कुणी काकांना खुर्ची आणली. एका आजीनं चष्म्याचा नंबर विचारला. काकांना 'हे शिबिर नाही' असं सांगायचा धीर झाला नाही, कारण मग 'कशाला बघताय' हे सांगावं लागलं असतं. त्यांनी आपले मुकाट्यानं सगळे डोळे तपासले.

"काय निघालं?" मी सोमवारी विचारलं.

"मोतीबिंदू सात. घारा एक बी न्हाई."

त्या सातांपैकी तिघांना पुढच्या आठवड्यात ते स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. रजा टाकून. "बघितलंय म्हटल्यावर सोडायचं कसं," म्हणाले. पण तोंड उतरलेलं. डब्यात भाजी तशीच परत जायची. घरी पाळणा आणून टांगलेला होता, त्यात कुणी नाही. जाता-येता धक्का लागला की तो हलायचा, आणि काकू त्याला हात लावून थांबवायच्या. काकू त्या बारशापासून नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. काकांना वाटायचं, रागावली आहे. रागावलेल्या होत्याच. पण त्यांच्या पोटात वेगळंच काहीतरी होतं.

तो शोध चुलत्यांच्या चुलत्यांपर्यंत पोचला तेव्हा एका सकाळी काकूंनी चहाचा कप समोर आदळला आणि म्हणाल्या, "साऱ्या जगाचं डोळं बघून आलात. माझ्या भावाचा गॉगल काढून बघितलात का?"

आता या भावाबद्दल सांगायला हवं. काकूंचा धाकटा भाऊ, काकांचा मेहुणा, सगळे त्यांना मामा म्हणायचे. राहायला चाकणच्या पलीकडं गावात, बैलगाडा शर्यतींचा नाद. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी बैलाच्या दाव्याएवढी, आणि डोळ्यांवर काळा गॉगल. लग्नात गॉगल, मयतीत गॉगल, घरात पिठलं-भाकरी खाताना गॉगल. लहानपणी डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, उजेड सोसत नाही, असं सांगायचे. तीस वर्षं मायक्रॉनमध्ये मापं काढणाऱ्या आमच्या काकांनी सख्ख्या मेहुण्याचे डोळे कधी पाहिलेच नव्हते!

"असं कसं हो काका?" मी विचारलं.

"मेव्हण्याच्या डोळ्यात कोन बघतंय म्याडम? सगळं जग गळ्यातच बघतं."

त्या रविवारी काका, काकू आणि मी मामांकडं गेलो. मला "शास्त्र सांगायला" म्हणून नेलं. मामा गोठ्यात बैलाला खरारा करत होते. काकांनी सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गॉगल न्हाई निघायचा दाजी. सोनं मागा, बैल मागा."

"आरं, पोरीच्या इज्जतीचा सवाल हाय."

"आन् माझी? शर्यतीच्या घाटात मला अख्खं मैदान वळखतं. गॉगल काढला तर पहिलं पोरगं म्याँव म्हनंल."

मला हसू आलं आणि तेवढ्यात काकूंचा चेहरा दिसला. त्या म्हणाल्या, "शाळंत ह्याला मांजऱ्या म्हनायची पोरं. वर्गात शिरायच्या आधी दारात म्याँव करायला लावायची. मास्तर बी हसायचा. ऑपरेशन बिपरेशन काय न्हाई."

"आक्का, गप."

"तीस वर्सं गपच हाय ना मी! आता न्हाई राहायची." काकू नवऱ्याकडं वळल्या. "तुमी मला बघायला आलात त्या दिवशी आमच्या आईनं ह्याला मळ्यात धाडलं. घाऱ्या माणसाचा भरवसा नसतोय म्हनत्यात, पाव्हण्यांनी बघितलं तर सोयरीक मोडंल म्हून. दिवसभर बैलांपाशी बसून व्हता. मला शपथ घातली, सासरी कदी सांगायचं न्हाई."

"जेवायला बी बोलावलं न्हाई," मामा हळूच म्हणाले. "तुमच्या पंगतीला श्रीखंड व्हतं. मला वास आला."

एवढा मोठा माणूस, साखळी घातलेला, आणि श्रीखंडाचं अजून लक्षात ठेवून बसलेला. काका तर खालीच बसले, गोठ्यात, शेणातच म्हणा ना.

"म्हंजी आमच्यापायी तुला लपवला," ते म्हणाले. "आन् आता मी पोरीला..."

मामांनी खरारा खाली ठेवला. दोन्ही हातांनी गॉगल काढला. डोळ्यांभोवती गॉगलच्याच आकाराची गोरी कातडी होती, तीस वर्षं ऊन न लागलेली. बघून हसावं की रडावं कळेना. आणि मध्ये ते डोळे. तंतोतंत नातीचे.

काकांचा हात सवयीनं मामांच्या हनुवटीकडं गेला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि मेहुण्याला मिठी मारली.

दापोडीला हॉल मिळाला नाही, म्हणून सुनेच्या घरासमोरच्या गल्लीतच खुर्च्या मांडल्या. भावकीला काकांनी घरोघर जाऊन बोलावलं होतं. पदर तोंडाला लावणाऱ्या आत्याबाईंना तर रिक्षा पाठवून. मामा बिनगॉगलचे येऊन उभे राहिले. उजेडाची सवय नाही, त्यामुळं सारखे डोळे मिचकावत होते आणि समोरच्या दोन बायकांना उगीच वाटलं की आपल्याकडं बघून.

काका उठले. "मंडळी, चूक..."

धडधडत लोणावळ्याची लोकल गेली. अख्खी गल्ली हलली. काका थांबले, लोकल संपली, पुन्हा सुरुवात केली. "मंडळी, चूक पोरीची न्हाई, चूक तपासणाऱ्याची..."

उलट्या बाजूनं मालगाडी. ती तर संपता संपेना. काका हात जोडून तसेच उभे. लोक डबे मोजायला लागले. शेवटी गाडी गेली आणि काकांनी तिसऱ्यांदा, घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं, "चूक माझी! माझी नात माझ्याच घरची, आन् माझी सून सोन्यावानी हाय! माझं ग्यान अर्धं व्हतं आन् तोंड पुरं उघडं व्हतं. सूनबाई, माफ कर."

मग त्यांनी मामांना पुढं केलं, लाल-हिरवे टॅग काढले आणि सगळा नियम समजावून सांगितला. कुणाला कळला नाही. पण मामा मुलीपुढं वाकले, दोघांनी एकमेकांकडं बघितलं, चार घारे डोळे समोरासमोर, आणि मग नियमाची गरजच उरली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मी आधीच म्हनलं व्हतं, सोयऱ्यांवर गेली असंल." असल्या माणसांना काय बोलायचं!

"आबा, पहिलंच ऐकू आलं होतं मला," सून म्हणाली. "पण म्हटलं, होऊ द्या तीनदा."

ती मोशीला आली. पाळणा भरला. सगळं गोड झालं असं मी धरून चालले होते. पण काकांनी एकदा बसमध्ये खिडकीबाहेर बघत सांगितलं, "घरी आली, बोलती बी. जेवायला वाढती. पन म्याडम, पोरगी माझ्या हातात सवता देत न्हाई. पाळण्यात ठिवती, मग मी उचलतो. माझ्या हातावर तिच्या हातानं अजून एकदा बी दिली न्हाई."

ज्या हातांतून तिनं लेक काढून घेतली होती, त्या हातांत परत द्यायला तिला वेळ लागणारच होता. काकांनीही तिला कधी विचारलं नाही. त्यांनी बारशांना जाऊन बाळं तपासणं बंद केलं, तेवढं मात्र माझ्या कानावर आलं. लोक आग्रह करायचे. ते म्हणायचे, "बाळ चांगलं हाय," आणि जेवायला बसायचे.

त्याच वर्षी ते रिटायर झाले. त्यांच्या जागी कॅमेऱ्याचं मशीन आलं. ते पीस बघतं, माणसांकडं ढुंकूनही बघत नाही.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी आठ दिवस त्यांचा फोन आला. आवाज दबलेला. "म्याडम, घोटाळा झाला. रंग बदलला."

"कसला रंग?"

"पोरीच्या डोळ्यांचा! सहा म्हयने झाले, जरा जरा गडद व्हतोय. मी कुनाला बोललो न्हाई. आता पार काळं झालंत."

मी कपाळावर हात मारला. लहान बाळांचा होतो असा बदल, वर्षभरात रंग ठरतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. शिबिर, गोठा, मालगाडी, सगळं करून झालं, आणि नुसतं वर्षभर थांबलो असतो तरी चाललं असतं! मी फोनवर इतकी हसले की माझ्या आईनं पाणी आणून दिलं. काका हसले नाहीत.

"हसताय काय? लोक परत विचारतील. परत सूनबाईला तरास."

वाढदिवसाला मी गेले तर अंगणात मंडप, मामा बिनगॉगलचे दारात स्वागताला, आणि काका एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेले. मांडीवर नात. नातीच्या डोळ्यांवर गुलाबी रंगाचा एवढासा गॉगल. कुणी जवळ आलं की काका तिला दुसरीकडं फिरवायचे, "ऊन लागतंय तिला." मंडपात ऊन कुठलं!

सुनेनं ते पाहिलं. ती आली, वाकली आणि मुलीचा गॉगल काढला. "आबा, हे काय?"

"रंग गेला गं," काका पुटपुटले. "आत्याबाई आलीय. परत काय तरी बोलंल."

"मला माहीत आहे रंग गेलाय ते. तिची आई आहे मी." तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि सरळ मंडपाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आत्याबाईंनी निरखून बघितलं. काका पुढं सरकले. तोंड उघडणार असं मला वाटलं, पण ते मुकाट्यानं सुनेच्या शेजारी जाऊन उभे राहिले. छाती पुढं काढून, शेताच्या बांधावर राहतात तसे. आत्याबाई म्हणाल्या, "आगं बया, डोळं तर आता अक्षी आज्यावानी झालंत." आणि केक कुठं आहे ते विचारायला निघून गेल्या.

एवढंच. तरी काका एक शब्द बोलले नाहीत. सून त्यांच्याकडं बघत राहिली. मग आतून कुणीतरी तिला मेणबत्ती लावायला हाक मारली.

"धरा हिला आबा," ती म्हणाली आणि मुलगी त्यांच्या हातांवर दिली.

काकांनी दोन्ही हात पुढं केले. मुलगी त्यांच्या छातीशी आली, तिनं वर बघितलं, आणि त्यांचा चष्मा ओढून खाली टाकला. एक काच फुटली. चष्म्याशिवाय काकांना हातभर अंतरावरचं दिसत नाही. मी उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू द्या म्याडम," आणि नातीला घेऊन तसेच मंडपात उभे राहिले, काही न दिसता, केक कापून होईपर्यंत.